गाभाऱ्यातली मूर्ती झिजतेय: वज्रलेप करावा की अभिषेक थांबवावा?

कातळ:
मूर्तीचे नाक-डोळे पुसट झाले की विश्वस्तांचा पहिला ठराव वज्रलेपाचा, म्हणजे मूर्तीवर टिकाऊ लेप चढवण्याचा. माझा विरोध आहे. आपल्याकडच्या काळ्या दगडातल्या बारीक पोकळ्यांत पुष्कळदा कॅल्साइट (चुन्याचं खनिज) असतं, ते दह्या-लिंबाच्या आंबटानं विरघळतं आणि तिथे खळगे पडतात. तुपाच्या थरात कुंकू-बुक्का चिकटतो, मग तो काढायला चिंच लावून काथ्यानं घासायचं. हे रोज! गळतं छप्पर तसंच ठेवून भिंत रंगवण्यातला प्रकार. पंचामृत उत्सवमूर्तीला किंवा पादुकांना घाला, मूळ मूर्तीला ओलं मऊ कापड पुरे.

गोमुख:
अभिषेक थांबला म्हणून सुटलेले पापुद्रे परत चिकटत नाहीत, त्याचं काय? आणि सगळे लेप एका माळेचे मणी नव्हेत. इपॉक्सी (कृत्रिम रेझिन) वर पापुद्र्यासारखा बसतो, ओल आत कोंडते, तो फुगतो आणि निघताना दगडही ओढून आणतो. इथाइल सिलिकेट हे पातळ रसायन मात्र आत मुरतं, त्याची सिलिका होऊन सुटे कण बांधले जातात, वाफेची वाटही मोकळी राहते. दगड आधी नीट वाळलेला हवा आणि नंतर तीन-चार आठवडे पाण्याचा थेंब नको.

कातळ:
तीन-चार आठवडे! चालत्या देवळात दोन-चार दिवस मिळाले तरी खूप. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचं २०१५ मध्ये संवर्धन झालं, २०२४ मध्ये पुन्हा करावं लागलं.

जुनी पोथी:
‘शास्त्रात सांगितलंय’ म्हणणाऱ्यांनी वराहमिहिराचा जुना संस्कृत ग्रंथ बृहत्संहिता उघडावा. त्यातला वज्रलेप म्हणजे कच्ची टेंभुर्णी, कच्चं कवठ, सावरीची फुलं, साळईच्या बिया, वेखंड वगैरे द्रोणभर पाण्यात आठवा हिस्सा उरेपर्यंत उकळायचं, त्यात गुग्गुळ, राळ, बिबा, जवस, बेल घालायचे आणि गरम असतानाच लावायचं. आज डब्यातून येतं त्याचं फक्त नाव तेच.

गोमुख:
राळ तरी काय, झाडाचं रेझिनच. समईची काजळी तिच्यावरही बसणार. नाव काहीही असो, आधी मूर्तीच्या पाठीमागे, तळाशी, रुपयाएवढ्या जागेवर लावून महिनाभर बघा. रंग गडद झाला, चकाकी आली, की तो लेप बाद.

कातळ:
सुटे पापुद्रे बांधण्यापुरतं मान्य. पण त्याच बैठकीत ‘जाता जाता नाकही भरून घेऊ’ असं कुणीतरी म्हणतंच, त्याला साफ नकार.