जुन्या सागवानाचे टेबल मार्च महिन्यात तडकले: कारण काय आणि दुरुस्ती कशी करावी?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार. मी गेली चार वर्षे सुट्टीच्या दिवशी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकाम करतो. आमच्या घराण्यात कोणी सुतार नाही आणि माझी नोकरीही कार्यालयातली आहे. परंतु सागाच्या फळीवरून रंधा फिरू लागला की त्या लाकडाचा तेलकट, कातड्यासारखा वास शेडभर पसरतो आणि आठवड्याचा सगळा शीण तिथेच उतरतो.

खानापूर तालुक्यातील एका नातेवाइकांनी आपले जुने कौलारू घर उतरवले, तेव्हा त्यातील सागवानाच्या दोन तुळया त्यांनी मला दिल्या. त्यांतले खिळे काढून मी सॉ मिलमध्ये एक इंची फळ्या पाडून घेतल्या आणि गेल्या ऑगस्टमध्ये मुलीसाठी अभ्यासाचे टेबल केले. वरची फळी पाच पट्ट्या कडेला कड चिकटवून तयार केली असून तिची रुंदी ५६० मिलिमीटर आहे. खालच्या चौकटीला ती मी चारही बाजूंनी मिळून बारा स्क्रूंनी घट्ट आवळली. पाय आणि चौकट यांचे सांधे कुसू (एका तुकड्याच्या टोकाची जीभ) दुसऱ्याच्या खाचेत बसवून केले आहेत व ते आजही जागचे हललेले नाहीत. मात्र मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वरच्या फळीला टोकाकडून सुमारे चौदा इंच लांबीचा तडा गेला, आणि तोही चिकटवलेल्या सांध्यात नव्हे, तर सांध्याशेजारच्या अखंड लाकडात. टोकाशी त्याची फट ३ मिलिमीटर आहे.

घराच्या छपरात इतकी वर्षे मुरलेले लाकूड का तडकावे, हे मला उमगत नाही. लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून तडा बुजवावा का? तसेच यानिमित्ताने एखादे नवे हत्यार घ्यायचेच झाले, तर लांब रंधा आधी घ्यावा की विजेवर चालणारा?

उत्तर (खानापूर)

दादा, तुमच्या चिकटवण्यात दोष नाही, उलट सांधा लाकडापेक्षा बळकट निघाला. चूक त्या बारा स्क्रूंची आहे. माझे वडील आणि आजोबा सुतारकाम करत असत. मी स्वतः शाळेत शिकवते आणि घरी हौसेने पाट, चौरंग, पेट्या बनवते. त्यामुळे ही चूक मी इतरांच्या कामात पाहिली आहे आणि स्वतःही केली आहे.

मुरलेले लाकूड हलत नाही, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. लाकूड कितीही जुने असले तरी ते हवेतील ओलावा घेते आणि सोडते, आणि त्यासोबत फुगते व आकसते. लांबीत हा फरक जवळजवळ नसतो, सगळा फरक रुंदीत दिसतो. वाढवलयांना (खोडाच्या कापावर दिसणाऱ्या गोल रेघांना) स्पर्श करून जाणाऱ्या दिशेने सागवान ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत सुमारे ५.८ टक्के आकसते, तर गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के. लाकडातील ओलावा २८ ते ३० टक्क्यांच्या खाली उतरला की हे आकसणे सुरू होते. म्हणजे पहिल्या दिशेने ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे साधारण ०.२ टक्के फरक पडतो. तुम्ही टेबल केले ऑगस्टमध्ये, जेव्हा आपल्याकडे घाटमाथ्याच्या पावसाने भिंतीसुद्धा घामेजतात. मार्चपर्यंत लाकडातील ओलावा ५ टक्क्यांनी उतरला असे धरले, तर ५६० मिलिमीटरची फळी ५.६ मिलिमीटरपर्यंत अरुंद व्हायला पाहते. चौकटीच्या आखूड बाजूंची लांबी मात्र तेवढीच राहते, आणि दोन्ही कडांचे स्क्रू फळीला धरून ठेवतात, तेव्हा ती मधेच फाटते. सागवान हे या बाबतीत सर्वांत शांत लाकडांपैकी एक गणले जाते, तरीही हे घडते.

याचा पुरावा तुम्हाला शहापूरच्या किंवा आमच्या गावच्या कोणत्याही जुन्या घरात मिळेल. चौकट आणि आतल्या फळ्या असे ज्याचे काम असते, तो दरवाजा एप्रिलमध्ये नीट पाहा. फळीच्या कडेला रंग न लागलेली एक बारीक पट्टी उघडी पडलेली दिसते, कारण जुन्या कारागिरांनी ती फळी खाचेत नुसती सरकवली होती, चिकटवली नव्हती. पावसाळ्यात ती पट्टी पुन्हा आत जाते आणि दरवाजा मात्र कधी तडकत नाही.

तडा भुशाने बुजवू नका. जूनमध्ये लाकूड फुगेल, भरलेली पूड आता लाकडाइतकीच टणक झालेली असेल, आणि फळीला आपली जागा परत मिळणार नाही. परिणामी ती वर उचलली जाईल किंवा तडा आणखी पुढे जाईल. त्याऐवजी सर्व स्क्रू काढा, तड्याच्या रेषेवरून फळी करवतीने सरळ कापून दोन भाग करा, दोन्ही कडा रंध्याने साफ करून पुन्हा चिकटवा. सागाच्या अंगचे तेल फेव्हिकॉलला नीट धरू देत नाही, म्हणून कडा रंधून झाल्यावर लगेच, त्याच दिवशी, स्पिरिटने पुसून चिकटवा.

चौकटीला जोडताना आखूड बाजूंवर मधला एक स्क्रू पक्का ठेवा आणि बाकीच्यांसाठी चौकटीत गोल भोकाऐवजी रुंदीच्या दिशेने लांबट भोक करा. काम तुम्ही उन्हाळ्यात करत आहात, म्हणजे फळी आता सर्वांत अरुंद आहे. म्हणून स्क्रू लांबट भोकाच्या मधल्या बाजूच्या टोकाशी बसवा, जेणेकरून पावसाळ्यात त्याला बाहेरच्या दिशेने सरकायला वाव मिळेल. पॉलिश वरून लावाल तेवढेच खालूनही लावा. त्याने लाकडाचे हलणे थांबत नाही, पण संथ आणि दोन्ही बाजूंनी सारखे होते. जवसाचे तेल वापरणार असाल तर तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेटतात; उघड्यावर पसरून वाळवा.

उत्तर (उद्यमबाग, बेळगाव)

ताईंनी सांगितलेले सर्व मान्य आहे. मी केवळ हत्यारांविषयी लिहितो, कारण माझे आयुष्य यंत्रांवर लोखंड घासण्यात गेले असले तरी घरी मी रंधाच हातात घेतो.

विजेचा रंधा घेऊ नका. हे काम चार फूट लांबीच्या दोन कडांचे आहे आणि त्यासाठी २२ इंची लांब रंधा हवा, कारण आखूड रंधा कडेच्या चढउतारांवरून खालीवर होत जातो, तर लांब रंधा केवळ उंचवटे कापतो. दोन्ही फळ्या पुस्तक मिटल्याप्रमाणे एकावर एक धरून त्यांच्या कडा एकत्रच रंधाव्यात. मग कोन थोडा तिरपा आला तरी उलगडल्यावर एकीचा तिरपेपणा दुसरीत मिटून जातो आणि सांधा सपाट बसतो.

जुना रंधा मिळाला आणि त्याचा तळ वाकलेला असेल, तर आमच्याकडच्या एखाद्या सरफेस ग्राइंडिंगच्या (यंत्रावर धातू सपाट घासण्याच्या) कारखान्यात तो सपाट करून घेता येतो. मात्र नेताना पाते मागे ओढून पण नेहमीसारखेच आवळून ठेवा, कारण पाते आवळल्याने तळाला जो ताण बसतो तो घासतानाही तसाच असायला हवा. सागात वाळूसारखी सिलिका असते आणि ती धार लवकर मारते. जाड काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर चिकटवून ८०० पासून २००० नंबरपर्यंत पाते घासले तर उत्तम धार येते. कडा रंधताना दर पंधरा-वीस मिनिटांनी ती पुन्हा लावावी लागेल. तुळयांचे लाकूड आहे, म्हणून रंधा लावण्यापूर्वी फळीवरून चुंबक फिरवा. आत तुटलेला एक खिळा पात्याचा तोंडवळाच बदलून टाकतो.

उत्तर (निपाणी)

कापण्याची घाई मला पटत नाही. स्क्रू काढून पंधरा दिवस थांबा आणि तडा स्वतःहून किती मिटतो ते आधी पाहा. मी आंब्याच्या लाकडाच्या पाटाला असा तडा गेला असता खालून डमरूच्या आकाराच्या सागवानी चकत्या बसवल्या होत्या, आणि तो पाट अजून टिकून आहे. लाकूड हलू द्यावे, हे मात्र खरे.

प्रश्नकर्ता (टिळकवाडी)

तिघांचेही मनापासून आभार. रविवारी बाराही स्क्रू काढले. शेवटचा स्क्रू सुटताना लाकडातून स्पष्ट आवाज आला, आणि टोकाची फट ३ मिलिमीटरवरून सव्वा मिलिमीटरवर आली. निपाणीच्या बंधूंचे ऐकून पंधरा दिवस थांबलो, परंतु त्यापुढे ती मिटली नाही, म्हणून ताईंनी सांगितल्याप्रमाणे फळी कापणार आहे. २२ इंची रंधा एका निवृत्त सुतारकाकांकडून मिळाला आहे आणि त्याचा तळ गुण्याच्या (काटकोन तपासण्याच्या हत्याराच्या) सरळ पात्याखाली तपासला असता मध्यभागी उजेड दिसतो, म्हणजे तिथे तो खोलगट आहे. तो उद्या उद्यमबागेत नेतो. चौकटीच्या आखूड बाजूंवर लांबट भोके पाडून झाली आहेत. मुलीने आपल्या खोलीच्या दरवाजावरील फळीच्या कडेची रंग नसलेली पट्टी पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे, आणि ती जुलैमध्ये पुन्हा मोजणार आहे.