दुधीची बाजू, आणि थोडी शेवळं

आवडत्या-नावडत्या भाज्यांच्या या गप्पांमध्ये बहुतेकांनी दुधीला नाकं मुरडलीत, म्हणून लिहितेय. पाणी ओतून शिजवलात तर तो पानचटच लागणार! भिजवलेली चणाडाळ घालून, झाकणावर पाणी ठेवून नुसत्या वाफेवर शिजवा, वरून ओलं खोबरं. आमच्याकडे आठवड्यातून एकदा होतोच. फ्लॉवर-मटार डब्यापुरतं, त्याबद्दल काही बोलण्यासारखं नाही.

खरी मजा जूनमध्ये. दादर स्टेशनबाहेर शेवळं (ही पावसाळी रानभाजी) घेऊन बसणाऱ्या मावशी दिसल्या की मी लोकल सोडून देते. शेवळं घशाला खाजतात, म्हणून त्यांच्याकडूनच काकडंही घ्यायची. ही आंबट रानफळं, कोशिंबिरीची काकडी नव्हे (पहिल्या वर्षी मी तोच गोंधळ घातला, घरात सगळे घसा खाकरत बसले). काकडं नसतील तर चिंचेचा कोळ, पण हात सैल सोडून. शेवळांच्या आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरून तेलावर भरपूर परतायचं. सोबत सोडे (सुकवलेली कोलंबी) किंवा ताजी कोलंबी. श्रावणात शाकाहारी करायची तर वाल घालता येतील, पण तोवर शेवळं संपलेली असतात.

टाकळा, ही दुसरी पावसाळी रानभाजी, मात्र नुसता कांदा-खोबऱ्यावर. त्यात लसूण कोण घालतं हो?