मदत हवी आहे : कोपरखैरण्यात छोटा गाळा आहे, रोज न बसता चालेल असं काय टाकता येईल?

नमस्कार मंडळी,

सासऱ्यांच्या नावावर नवी मुंबईत कोपरखैरण्यात तळमजल्याला १८० चौरस फुटांचा गाळा आहे. मोबाइल रिपेअरिंगवाला भाडेकरू पाडव्यानंतर सोडून चाललाय. भाडं १६ हजार यायचं. मी ऐरोलीला नोकरीला, नवरा तळोज्याला शिफ्टमध्ये, आणि आयुष्यभर एपीएमसीत गोण्या उचलून सासऱ्यांचे गुडघे गेलेले. गल्ल्यावर बसायला घरात कुणी नाही. हाताशी साधारण आठ लाख आहेत.

पॅसिव्ह इन्कम शोधायला गेलं की यूट्यूबवर ई-बुक लिहा, टी-शर्ट विका, कोर्स बनवा. हे सांगणाऱ्यांचं इन्कम आपल्यासारख्यांना कोर्स विकूनच येत असावं, असा माझा दाट संशय आहे. मला गाळ्यात यंत्र ठेवून चालेल असं काही हवंय.

पहिला विचार सेल्फ-सर्व्हिस लाँड्रीचा. आमच्या भागात पीजीत आणि कॉट बेसिसवर राहणारी महापे-ऐरोलीची पोरं भरपूर. एका खोलीत चार-पाच जण, वॉशिंग मशीन नाही, पावसाळ्यात जीन्स तीन-तीन दिवस पंख्याखाली. ड्रायरला गिऱ्हाईक नक्की मिळेल. क्यूआर स्कॅन करून पैसे भरले की मशीन सुरू, हेही आता होतं. पण गाळ्यात आज साधं बेसिनसुद्धा नाही. पाण्याची लाइन, सांडपाण्याचा निचरा, थ्री फेज जोडणी, वर महावितरणचं बिल व्यावसायिक दराने. आणि ड्रायरची ती जाळी! कपड्यांचा कापूस तिच्यात साचतो, दर खेपेला काढावा लागतो. नाही काढला तर हवा अडते, कपडे दमट निघतात, आग लागण्याचीही भीती. गिऱ्हाईक काही ती काढणार नाही. म्हणजे माणूस ठेवणं आलं, मग आपोआप कसलं?

दुसरं व्हेंडिंग मशीन. आयटी पार्कात जागा मिळत नाही, तिथले ठेकेदार ठरलेले. गाळ्यात ठेवावं तर शेजारी किराणावाला, तो उधारीवर देतो. एक विक्रेता म्हणाला, मशीन तुम्ही घ्या, चालवू आम्ही, महिन्याला ठरलेली रक्कम तुमची. सानपाड्याच्या टोरेस या दागिन्यांच्या दुकानाबाहेर जानेवारी २०२५ मध्ये पैसे अडकलेल्यांची गर्दी जमली होती, तिथेही दर आठवड्याच्या परताव्याचंच आमिष होतं. ठरलेला परतावा हे शब्द ऐकले की मी उठते.

आता माझं गणित. आठ लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत टाकले तर ७.४ टक्क्यांनी महिन्याला ४,९३३ रुपये येतात. एकट्याच्या नावावर ९ लाखांपर्यंत ठेवता येतात, तेव्हा मर्यादेतही बसतं. गाळा परत १६ हजाराने दिला तर मिळून जवळपास २१ हजार, काडीही न हलवता. यंत्रांच्या धंद्यात वीज, दुरुस्ती, माणसाचा पगार आणि मशीनचा घसारा जाऊन २१ हजारांच्या वर काही उरणार असेल तरच त्यात पडायचं. नवऱ्याला हे पटत नाही. त्याच्या मते मी बँकेच्या मॅनेजरसारखा विचार करते.

ठाणे, घणसोली, खारघर भागात कुणी अशी लाँड्री प्रत्यक्ष चालवतंय का? दिवसाला किती फेऱ्या होतात, आणि मशीन बंद पडलं तर मेकॅनिक त्याच दिवशी येतो की आठवडा लावतो? जाळी साफ करायला अर्धवेळ बाई ठेवून कुणाचं जमलंय का? थ्री फेजला सोसायटीचं ना-हरकत पत्र मागतात का, तेही सांगा.

संपादन : गाळा विकून टाका म्हणणाऱ्यांसाठी, सासरे असेपर्यंत तो विषय नाही. आणि विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला म्हणून थांबा, भाडं दुप्पट होईल, असं दोघांनी लिहिलंय. विमानतळाजवळच्या उलव्याचा भाव कोपरखैरण्याच्या आतल्या गल्लीला लागत नाही हो. मला लाँड्रीवाल्यांचे आकडे हवेत, कच्चे असले तरी चालतील.