खरेदीखत नोंदले, पैसे कधी आले? ठाणे-नवी मुंबईत घर विकणाऱ्यांचे अनुभव

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात गेल्या काही वर्षांत ज्यांनी घर विकले, त्यांनी आपला अनुभव येथे सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. घर घेताना काय पाहावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. विकणाऱ्याची रक्कम नोंदणीनंतर कुठे आणि कशामुळे अडकते, याविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. दुय्यम निबंधकांसमोर अंगठ्याचा ठसा आणि फोटो झाला की व्यवहार पुरा झाला, असे आपण धरून चालतो. परंतु मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार किंमत पूर्ण दिलेली असो, थोडी दिलेली असो वा नुसती देण्याचे कबूल केलेले असो, विक्री होऊ शकते. मालकी एका तारखेला जाते आणि पैसा भलत्याच तारखेला येतो, तो याच कारणाने. रक्कम कोणत्या टप्प्यावर थांबली, कोणत्या कागदावाचून थांबली आणि शेवटी कशाने सुटली, एवढे अवश्य लिहावे. बँकेचे, दलालाचे किंवा समोरच्या पक्षाचे नाव लिहू नये. सुरुवात मीच करतो.

घोडबंदर रोड, ठाणे

आमच्या सदनिकेवर गृहकर्ज शिल्लक होते आणि खरेदीदारही कर्ज काढूनच घर घेत होते. अशा व्यवहारात खरेदीदाराची बँक आधी आपल्या बँकेच्या नावे कर्जाच्या शिल्लक रकमेचा धनादेश देते, आपले कर्जखाते बंद होते, मूळ कागदपत्रे सुटतात आणि ती त्यांच्या हाती पडल्यावरच उरलेली रक्कम आपल्याला मिळते. आमची कागदपत्रे शाखेत नव्हती, बँकेच्या दूरच्या मध्यवर्ती संग्रहात होती. इकडे आमच्या नावाचा धनादेश तयार होता. खरेदीदाराच्या बँकेतील अधिकाऱ्यांनी फाइल उघडून, मंजुरीपत्राला टाचणीने लावलेला तो धनादेश आम्हाला दाखवला आणि कागद आल्याशिवाय देता येणार नाही असे सांगून फाइल पुन्हा कपाटात ठेवली. आयुष्यभराची कमाई हाताच्या अंतरावर असून मिळत नाही, हे पाहताना पत्नीला झालेला मनस्ताप मी विसरू शकत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या निर्देशांनुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे बंधनकारक आहे, आणि उशीर बँकेमुळे झाला असेल तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. शाखेत तोंडी विचारणा करणे थांबवून आम्ही या निर्देशांचा उल्लेख करून तक्रार निवारण अधिकाऱ्यांना लेखी पत्र दिले आणि त्याची पोच घेतली. त्यानंतर कागद हलले. ज्यांच्या घरावर कर्ज आहे त्यांनी बँकेकडे जमा असलेल्या कागदपत्रांची शिक्क्यानिशी यादी नोंदणीच्या आधीच मागून घ्यावी. खरेदीदाराची बँक त्याच यादीवर बोट ठेवून एकेक कागद तपासते.

नेरूळ

नवी मुंबईतील बहुतेक जमीन सिडकोने, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, भाडेपट्ट्याने दिलेली आहे. त्यामुळे सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव चढले तरी तेवढे पुरत नाही. हस्तांतरण शुल्क भरून सिडकोच्या दप्तरीही नाव लागावे लागते. मी विकलेले घर वडिलांचे होते. त्यांच्याही आधी ते एकदा विकले गेले होते आणि त्या पहिल्या विक्रीची नोंद सिडकोकडे झालेली नव्हती. खरेदीदारांना कर्जाचे मंजुरीपत्र मिळाले, करार नोंदला गेला आणि प्रत्यक्ष वितरणाच्या वेळी त्यांच्या बँकेच्या वकिलांनी साखळीतील हा तुटलेला दुवा दाखवला. मंजुरीपत्र म्हणजे पैसे नव्हेत, हे विकणाऱ्यांनी पक्के लक्षात ठेवावे. ते कायदेशीर तपासणीच्या अधीन असते आणि तसे त्यात छापलेलेही असते. मूळ वाटपधारकांचा शोध घेणे, त्यांच्या सह्या मिळवणे आणि मागचे हस्तांतरण नियमित करून घेणे यात पावसाळा सरला. खरेदीदार सज्जन होते. त्यांचेही घरभाडे चालूच होते, तरी त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही, याची जाहीर नोंद करणे मला माझे कर्तव्य वाटते.

कळवा

आमचे पैसे आले, पण एक टक्का राहिला. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरावर खरेदीदाराने एक टक्का कर कापून घेणे बरोबरच आहे; परंतु तो ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून ३० दिवसांत ठरलेल्या नमुन्याने सरकारकडे भरावा लागतो. आमच्या खरेदीदारांनी कापला आणि भरला नाही. उशिरासाठी त्यांना दिवसाला २०० रुपये शुल्क पडते, हे सनदी लेखापालांकडून कळवल्यावर त्यांनी तो भरला.

ऐरोली

हा अनुभव माझ्या काकांचा आहे आणि त्यांच्या संमतीने लिहीत आहे. नोंदणी झाली, बराचसा मोबदला मिळाला आणि उरलेल्या रकमेसाठी पुढील तारखेचा धनादेश मिळाला. गणपती नव्या घरातच बसवायचे आहेत, अशी खरेदीदारांनी गळ घातली. अशा कारणाला आपल्याकडे नाही म्हणवत नाही. काकांनी किल्ल्या दिल्या. धनादेश वटला नाही. मग आधी बोनस व्हायचा होता, नंतर गावाकडची जमीन विकायची होती, आणि पुढे फोन उचलणेही बंद झाले.

व्यवहार रद्द करून घर परत घ्यावे, असे सगळ्या नातेवाइकांचे म्हणणे पडले. वकिलांनी मात्र समजावून सांगितले की किंमत थकली एवढ्याच कारणावरून नोंदलेले खरेदीखत रद्द होत नाही, विकणाऱ्याने वसुलीचा मार्ग धरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येही स्पष्ट केलेले आहे. त्याचबरोबर, मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ मधील तरतुदीप्रमाणे न मिळालेल्या किमतीपुरता विकणाऱ्याचा बोजा, म्हणजे वसुलीचा हक्क, त्या घरावर राहतो, हा आधारही त्यांनी दाखवला. काकांच्या बाजूने सर्वांत मोलाचे ठरले ते खरेदीखतातील एक वाक्य. पुष्कळ दस्तांत ‘संपूर्ण मोबदला मिळाला’ असा ठरीव मजकूर घालतात. काकांच्या दस्तात प्रत्येक धनादेशाचा क्रमांक आणि तारीख देऊन ‘धनादेश वटण्याच्या अधीन राहून’ असे शब्द होते, त्यामुळे पैसे पोहोचल्याचा दावा करायला जागाच उरली नाही.

धनादेश न वटल्याची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (धनादेशांविषयीच्या कायद्याच्या) कलम १३८ खाली लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवसांची मुदत असते. आज देतो, उद्या देतो यावर विसंबून ते ३० दिवस निघून जातात, अशी प्रकरणे वकिलांनी पुष्कळ पाहिली होती. त्यांनी काकांची नोटीस लगेच धाडली. मुदतीच्या आत मोठा हिस्सा खात्यात जमा झाला, बाकीचे लेखी हप्त्यांनी आले.

वाशी

घर भाऊ आणि मी, दोघांच्या नावे. भाऊ परदेशात स्थायिक. माझ्या हिश्शावर एक टक्का कापला गेला, पण अनिवासी व्यक्तीच्या हिश्शाला हा दर लागू होत नाही. तेथे भांडवली नफ्याच्या दराने आणि ५० लाखांची मर्यादा न पाहता कर कापावा लागतो. कमी दराने कपात व्हावी म्हणून प्राप्तिकर विभागाचे प्रमाणपत्र भावाने नोंदणीनंतर मागितले, आणि ते येईपर्यंत खरेदीदारांनी त्याचा हिस्सा रोखून धरला. त्यांचेही चुकीचे नव्हते. कमी कर कापला तर जबाबदारी त्यांच्यावर येते. प्रमाणपत्राचा अर्ज व्यवहार ठरताच करावा.

खारघर

आमचे पैसे वेळेत आले, म्हणून थोडक्यात लिहितो. खरेदीदारांचा स्वतःचा हिस्सा आम्ही नोंदणीच्या दिवशीच, सह्या होण्यापूर्वी आरटीजीएसने (मोठी रक्कम एका बँकेतून दुसऱ्या बँकेत लगेच पाठवण्याच्या सेवेने) घेतला. डिसेंबर २०२० पासून ही सेवा चोवीस तास चालते, त्यामुळे बँकेची वेळ संपली ही सबब उरलेली नाही. व्यवहार क्रमांक दस्तात लिहिला. कर्जाचा हिस्सा नंतर येणार होता, म्हणून ताबा ती रक्कम जमा झाल्यावरच देण्याचे कलम घातले आणि खरेदीदारांच्या बँकेलाही ते मान्य झाले.

नौपाडा, ठाणे

मी निवृत्त शिक्षक आहे. घर फेब्रुवारीत विकले, मुख्य रक्कम मात्र पुढच्या आर्थिक वर्षात आली. पैसे मिळतील त्या वर्षी कर, असे मी समजत नव्हतो, पण खरेदीदारांचे तसे म्हणणे होते आणि म्हणून त्यांना घाई वाटत नव्हती. भांडवली नफा हस्तांतरण झाले त्या वर्षाचाच धरला जातो. प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम ५४ खाली दुसरे घर घेण्याची दोन वर्षांची मुदतही हस्तांतरणाच्या तारखेपासूनच मोजतात. तोपर्यंत घर घेतले नसेल, तर विवरणपत्राच्या अंतिम तारखेपूर्वी १९८८ च्या भांडवली नफा खाते योजनेत रक्कम ठेवावी लागते. ती ठेवायला घराचे पैसे हाती नसल्याने मला पत्नीची मुदत ठेव मोडावी लागली आणि तिचे बुडालेले व्याज कोणीच भरून दिले नाही. आता डोंबिवलीत छोटे घर पाहिले आहे. या खात्यातून बिल्डरच्या नावे रक्कम काढताना बँकेने कोणते कागद मागितले, हे ज्यांनी अनुभवले असेल त्यांनी कृपया लिहावे; पहिला हप्ता या महिनाअखेर द्यायचा आहे.