सांता फेची खरेदी: "कोणी बनवलं याने काय फरक पडतो" म्हणणाऱ्यांना उत्तर

टक्सनकर
काल कुणीतरी अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या सांता फे ट्रिपचे फोटो टाकून खाली लिहिलंय की पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स या जुन्या सरकारी इमारतीच्या व्हरांड्यात जे नेटिव्ह अमेरिकन (मूळ रहिवासी) कारागीर कापड पसरून बसतात त्यांच्याकडे फिरकू नका, टुरिस्ट ट्रॅप आहे, तशीच टर्क्वाइजची (निळसर-हिरव्या पिरोजा खड्याची) अंगठी गिफ्ट शॉपमध्ये पाव किमतीत मिळते, आणि शोभेचीच वस्तू तर कोणी बनवली याने काय फरक पडतो. डोकं फिरलं म्हणून लांबलचक लिहितोय.

त्या व्हरांड्यात कोणीही उठून बसू शकत नाही. न्यू मेक्सिकोतल्या नेटिव्ह जमातींच्या लोकांनाच जागा मिळते, माल स्वतः नाहीतर घरच्यांनी बनवलेला लागतो, त्यावर बनवणाऱ्याची खूण लागते, बसायच्या जागासुद्धा सकाळी चिठ्ठ्या काढून वाटतात. आता ती पाव किमतीची अंगठी कुठून येते ते बघा. 2015 साली न्यू मेक्सिकोत दुकानांवर फेडरल छापे पडले, माल फिलिपिन्समधल्या कारखान्यात बनलेला आणि इथे नेटिव्ह म्हणून विकलेला. 2018 मध्ये अल्बुकर्कीच्या एका व्यापाऱ्याला 6 महिने आत टाकलं. नेटिव्ह नसलेला माल नेटिव्ह म्हणून विकण्याविरुद्ध 1990 चा कायदा आहे, पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि 5 वर्षांपर्यंत कैद. उगाच केलाय का कायदा?

नागपुरी_संत्रं
ती पोस्ट माझीच आहे. दादा, तुम्हाला राग आला ते कळलं, पण चार जणांचं कुटुंब ग्रँड कॅन्यनपासून गाडी हाकत येतं, हॉटेल, पेट्रोल, जेवण करून हातात उरतं किती? बहिणीला, सासूबाईंना, ऑफिसात काहीतरी न्यायचं असतं. प्रत्येकाला शेकड्यातली अंगठी कोण नेणार? आणि दुकानदाराने मला नेटिव्ह म्हणून विकलीच नाही, 'साउथवेस्ट स्टाइल' लिहिलं होतं. यात फसवणूक कुठे झाली?

लोकरवेडी
'स्टाइल' हा शब्द टाकला की कायद्यातून सुटतात, तीच तर पळवाट आहे ताई. आयात दागिन्यावर देशाचं नाव कोरलेलं हवं असा कस्टम्सचा नियम आहे आणि तरी स्टिकर चिकटवून येतात, स्टिकर काढला की संपलं.

रग्जमध्ये तर याहून वाईट. मेक्सिकोत ओआहाकाजवळ तेओतित्लान देल व्हाये गावात झापोतेक जमातीचे विणकर आहेत, फार सुंदर विणतात, त्यांच्या कामाला मी नावं ठेवणार नाही, पण त्यांच्याकडून इथल्या नाव्हाहो जमातीचं डिझाइन विणून घेऊन इथे नाव्हाहो म्हणून खपवणारे दलाल आहेत. ओळखायचं असेल तर रग उलटसुलट करून कडा बघा. नाव्हाहो बाई उभ्या मागावर एकच सलग ताणा (उभा धागा) लावते, त्यामुळे दोन्ही टोकं बंद असतात, सहसा झालर नसते. दुसऱ्या प्रकारात ताण्याची कापलेली टोकं गाठ मारून सोडलेली नाहीतर सुईने आत ढकललेली असतात, टोकाकडून बोट फिरवलं की हाताला लागतात. विणीत तिरक्या बारीक रेषा दिसल्या तर अजून चांगलं, विणकर एकेक भाग पुरा करत पुढे सरकते त्याच्या त्या खुणा.

इतिहासाचा_किडा
सगळं मान्य, पण 'अस्सल अस्सल' म्हणून जो गजर चाललाय त्याचा इतिहासही सांगा. चांदीकाम नाव्हाहोंनी मेक्सिकन लोहार-सोनारांकडून उचललं, एकोणिसाव्या शतकात. अ‍ॅरिझोनातल्या गॅनाडोला हबेल नावाच्या व्यापाऱ्याने 1878 मध्ये ट्रेडिंग पोस्ट (नाव्हाहोंशी व्यापाराचं दुकान) विकत घेतलं आणि पूर्वेकडच्या गिऱ्हाइकाला काय आवडेल ते चित्र काढून भिंतीवर लावून विणकर बायकांना दाखवलं, गॅनाडो रेड म्हणून जे लाल रग आज मिरवतात ते तिथलं. रेल्वेच्या प्रवाशांना जड दागिने नको म्हणून रेल्वेमार्गावर हॉटेलं चालवणाऱ्या फ्रेड हार्वीच्या कंपनीने हलके बनवून घेतले. म्हणजे टुरिस्टसाठी माल ही काही आजची भानगड नाही. मग फिलिपिन्सवाल्याने केलं तेवढंच पाप का?

टक्सनकर
कारण हबेलच्या भिंतीवरचं चित्र बघून विणणारी बाई नाव्हाहोच होती आणि पैसे तिच्या घरात जात होते, व्यापाऱ्याने कमी दिले असतील, ती वेगळी तक्रार. फिलिपिन्सच्या मालात तिच्या डिझाइनचे पैसे तिला एक छदामही मिळत नाहीत, वर तिच्या खऱ्या अंगठीला तुम्ही 'महाग' म्हणता. 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही तेव्हा आपण सगळे पेटून उठलो होतो. इथे मात्र "काय फरक पडतो"?

इतिहासाचा_किडा
प्राडाचा मुद्दा मानावा लागेल. पण बाकीच्यावर मी ठाम आहे.

माहेरवाशीण_फिनिक्स
तुम्ही सगळे मुद्द्याचं बोलत नाही आहात. भाव करायचा की नाही ते सांगा! मागच्या वेळी माझ्या नणंदेने त्या व्हरांड्यात "दोन घेते, किती कमी करणार" म्हटलं आणि बसलेल्या आजींनी नुसतं मान हलवून दुसरीकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नागपुरी_संत्रं
यात मेल्यासारखं काय व्हायचंय? भाव करणं म्हणजे अपमान नव्हे, तुळशीबागेत सगळे करतात.

माहेरवाशीण_फिनिक्स
तुळशीबागेतला माणूस भाव वाढवूनच सांगतो, दोघांनाही माहीत असतं. त्या आजींनी चांदी पत्र्यातून कापून, घासून, खडा बसवून जो आकडा ठरवला तो त्यांच्या दिवसांचा आकडा आहे. निम्म्यावर मागणं म्हणजे तुमच्या दिवसाची किंमत निम्मी असं तोंडावर सांगणं.

अल्बुकर्की_आजोबा
मी इथे बरीच वर्षं आहे, दोघींनाही थोडं समजावतो. जास्त वस्तू घेतल्यात तर "एकत्र घेतोय, काही जमेल का" असं एकदा विनम्रपणे विचारायला हरकत नाही, अनेकजण स्वतःहूनच कमी करतात. नाही म्हटलं तर विषय संपला. पण निम्म्यापासून सुरुवात करून मग पाठ फिरवायचं नाटक करणं इथे उद्धटपणाच ठरतो.

नागपुरी_संत्रं
आजोबा, तुम्ही पण? म्हणजे आम्ही आपले उद्धट. आमच्या आईने घासाघीस करूनच घर चालवलं, त्याला तुम्ही उद्धटपणा म्हणणार असाल तर बोलणंच खुंटलं.

अल्बुकर्की_आजोबा
आईंबद्दल मी अक्षर बोललो नाही. मंडईतल्या भाजीचं गणित वेगळं, एवढंच.

लोकरवेडी
भांडण थांबवा आणि कमी बजेटचं उत्तर ऐका, कारण ताईंचा तो प्रश्न खरा आहे. अंगठीच कशाला? केवा प्वेब्लो या नेटिव्ह गावचे हिशी मणी, बारीक शिंपल्यांचे, घासून गोल केलेले, छोटी सर घ्या. झुनी जमातीचं दगडात कोरलेलं लहान अस्वल घ्या. दोन्ही कारागिराकडून घेतलं तरी खिशाला झेपणारं मिळतं. मडकं घ्यायचं असेल तर आत हात घालून बघा. अकोमा या दुसऱ्या प्वेब्लोत साच्यात ओतलेल्या मडक्यांवरही रंगकाम करून विकतात, स्वस्त असतात, विचारलं की बरेच जण खरं सांगतात. साच्यातल्याची आतली बाजू एकसारखी गुळगुळीत लागते, हाताने वळ्या रचून केलेल्यात बोटांना चढउतार लागतो.

टक्सनकर
आणि टर्क्वाइजबद्दल एक, कारण त्यावरूनही गोंधळ होतो. अ‍ॅरिझोनात ग्लोबजवळची स्लीपिंग ब्यूटी ही टर्क्वाइजची खाण 2012 मध्ये बंद पडली, तरी जो तो तिचाच खडा म्हणून विकतो. रेझिन भरून टणक केलेला खडा नकली नसतो, मऊ दगड टिकावा म्हणून तसं करतातच. नकली म्हणजे रंगवलेला हाउलाइट (एक पांढरा दगड), नाहीतर प्लास्टिकचा ठोकळा. विकणाऱ्याला खाण विचारा, खड्यावर काय केलंय ते विचारा, आणि पावतीवर बनवणाऱ्याचं नाव आणि जमात लिहून मागा. चांगला दुकानदार बिनबोभाट लिहून देतो. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका, मग अंगठी कितीही स्वस्त असो.

नागपुरी_संत्रं
पावतीवर नाव लिहून मागायचं हे मात्र पटलं, ते करीन. हिशीची सर पण बघते. भावाचं मात्र मी विचारणारच, एकदा.

माहेरवाशीण_फिनिक्स
एकदाच. आणि मी बरोबर असले तर मी लांब उभी राहीन.