स्टॉपार्डच्या ‘रॉक अँड रोल’मधला यान आयुष्यभर खरा राहिला का?

तिसरी_घंटा
डिसेंबर २०२३ मध्ये लंडनला हॅम्पस्टेड थिएटरात टॉम स्टॉपार्डचं ‘रॉक अँड रोल’ बघितलं, तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. नाटक माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: यान हा झेक पोरगा, केंब्रिजला पीएचडी करत असतो, ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसतात आणि लोक देश सोडून पळत असताना हा आपल्या रॉकच्या एलपी रेकॉर्डी घेऊन उलटा घरी जातो. त्याचा जीव ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ या खऱ्याखुऱ्या बँडवर. सरकारनं त्यांचं कार्यक्रम करायचं लायसन्स काढून घेतलं, १९७६ मध्ये त्यांच्या गोटातल्या चौघांना जेलमध्ये टाकलं. नाटकात पोलीस यानच्या रेकॉर्डी फोडतात, पुढे त्याला बेकरीत राबावं लागतं, तरी गडी हलत नाही.
सुरुवातीला मित्र सह्या मागायला येतो तर हा नाही म्हणतो. त्याचं म्हणणं, सरकार विरोधकांना घाबरत नाही कारण विरोधक निदान त्यांच्याशी भांडतो तरी, सरकारची फाटते ती ज्यांना त्यांचं काहीच पडलेलं नाही अशा लांब केसवाल्या पोरांसमोर. मला हे शंभर टक्के पटलं. विशीत जे आवडलं ते पन्नाशीपर्यंत न लाजता जपणं ही छोटी गोष्ट नाही.

ठाण्याचा_ड्रमर
साफ असहमत. शेवट आठवा. ऑगस्ट १९९०, प्रागचं स्ट्राहोव्ह स्टेडियम, रोलिंग स्टोन्स. खऱ्या प्रागमध्ये तेव्हा पोस्टर लागले होते की रणगाडे चालले, स्टोन्स आले. आणि यान त्या गर्दीत खूष! मार्च १९७४ मध्ये प्लास्टिक पीपलना ऐकायला चेस्के बुद्येयोवित्से या गावी गेलेल्या पोरांना पोलिसांनी स्टेशनवर बडव बडव बडवलं होतं, पुढे बँडच्या सॅक्सोफोनवाल्याला देश सोडून कॅनडाला जावं लागलं, आणि या सगळ्याचा शेवट काय तर तिकीट काढून एका गडगंज श्रीमंत बँडसाठी टाळ्या?
बंदी असते तेव्हा बाजू आपोआप ठरते हो. खरी परीक्षा बाजार आल्यावर. इंग्लंडातलं पंक, म्हणजे ते बंडखोर रॉक, बघा. क्लॅश या बँडनं १९७९ मध्ये कंपनीशी भांडून डबल अल्बम एकाच्या भावात विकायला लावला, आणि १९९१ मध्ये त्यांचंच गाणं जीन्सच्या जाहिरातीमुळे तिथे एक नंबरला गेलं. सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा गायक जॉनी रॉटन २००८ मध्ये टीव्हीवर लोणी विकत होता. ही परीक्षा जिथे सुरू होते तिथेच स्टॉपार्ड पडदा पाडतो.

सुमेधा_वाचते
तुम्ही दोघंही मॅक्सला विसरलात. केंब्रिजचा प्रोफेसर, रशियातल्या ऑक्टोबर क्रांतीच्याच वयाचा, १९५६ मध्ये हंगेरीत सोव्हिएत रणगाडे गेले तरी कम्युनिस्ट पक्षात, १९६८ मध्ये प्रागमध्ये गेले तरी पक्षात. तरुणपणीच्या आदर्शाला यानपेक्षा हा जास्त चिकटलाय. मग त्यालाही सलाम करणार का? घंटाताई, तुमच्या हिशोबानं करावा लागेल. मी नाही करणार, कारण त्याच्या निष्ठेची किंमत दुसऱ्या देशातली माणसं मोजत होती.
आणि नाटकाचा प्राण माझ्या मते यानमध्ये नाहीच, तो मॅक्सच्या बायकोच्या, एलिनॉरच्या सीनमध्ये आहे. कॅन्सरनं तिचे एकेक अवयव काढत नेलेत, आणि मॅक्स आपला मन म्हणजे मेंदूचं यंत्र वगैरे तत्त्वज्ञान झोडतोय. ती फुटते. शरीर गेलं तरी मी तसूभर कमी झालेले नाही, मला तुझं ते यंत्र नकोय, तू ज्यानं माझ्यावर प्रेम करतोस ते हवंय, असं सांगते त्याला. आयुष्यभर खरं राहणं याचा अर्थ मला तिथे लागला.

तिसरी_घंटा
सुमेधा, मॅक्सचा मुद्दा बिनतोड आहे गं, पण फरक आहे. यानच्या आवडीपायी रेकॉर्डी फुटल्या त्या त्याच्या स्वतःच्या, त्यानं दुसऱ्या कोणाला किंमत मोजायला लावली नाही. म्हणून मी त्याच्या बाजूनं.
ड्रमर, तुमचं स्टोन्सबद्दलचं पटत नाही. बावीस वर्षं ज्या आवाजासाठी मार खाल्ला तो एकदा उघड्यावर, पोलिसाची भीती न बाळगता ऐकायचा, यात विकलं जाणं कुठे आलं?

ठाण्याचा_ड्रमर
मग सिड बॅरेटकडे बघा, तोही नाटकात आहेच, मॅक्सच्या पोरीला बागेच्या भिंतीवर दिसतो तो. पिंक फ्लॉइड या बँडमधून बाहेर पडला आणि पुढे केंब्रिजमध्ये गुमनाम राहिला. नाटक लंडनमध्ये चालू असतानाच, जुलै २००६ मध्ये गेला. बाजाराला शरण न गेलेला एकच माणूस त्या रंगमंचावर आहे आणि तो तोच.

सुमेधा_वाचते
नाही हो, प्लीज. सिड आजारी होता, त्याच्या मनाची अवस्था बिघडली होती. आजारी माणसाच्या एकांताला तत्त्वनिष्ठा म्हणणं मला चुकीचं वाटतं, आणि त्याच्यावर अन्याय करणारंही. उदाहरण द्यायचं तर प्लास्टिक पीपलचंच द्या की. झेक राष्ट्राध्यक्ष हावेलच्या आग्रहावरून १९९७ मध्ये, चार्टर ७७ या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला वीस वर्षं झाली तेव्हा, ते पुन्हा एकत्र आले. प्रागच्या नॅशनल थिएटरात हेच नाटक झालं तेव्हा त्यात लाइव्ह वाजवलंही. तेही विकले गेले म्हणणार?

ठाण्याचा_ड्रमर
ते नाही म्हणणार. नाटकातली ती वर्षं त्यांनी स्वतः भोगलेली, त्या स्टेजवर त्यांचा हक्क होता. सिडबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर, ते उदाहरण मागे घेतो. पण स्ट्राहोव्हचा सीन माझ्या घशाखाली उतरत नाही. यान त्या रात्री प्लास्टिक पीपलच्या गिगला गेला असता तर मी उभा राहून टाळ्या वाजवल्या असत्या.