कानात पुस्तक, पायात बूट: याला वाचन म्हणायचं का?

देवडी
परवा 'पाऊलवाट' यांनी लिहिलं की वर्षात ४१ पुस्तकं 'केली', बहुतेक सगळी आरोग्यावरची, रोज १०,००० पावलं चालताना कानाला लावून. इथपर्यंत ठीक. पण पुढे म्हणाले, आरामखुर्चीत बसून कादंबऱ्या वाचणारे स्वतःच्या तब्येतीशी खेळतात. दोन दिवस गप्प राहिलो, आता राहवत नाही.

आधी त्या दहा हजारांचं बघू. १९६५ साली जपानच्या यामासा कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. तिथून हा आकडा जगाच्या तोंडी बसला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांवर वयस्क बायकांचा अभ्यास छापून आला, सरासरी वय ७२. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. म्हणजे दहा हजार झाले नाहीत म्हणून कुणी अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

आता माझं. वय ५८, साखर काठावर. गेल्या पावसाळ्यात गुडघा धरला आणि सहा आठवडे घराबाहेर पडता आलं नाही. पहाटे तीनला जाग यायची, मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचं. बायकोने माळ्यावरून एक जाडजूड कादंबरी काढून दिली. आठ दिवसांत मोबाईल उशाखालून गेला आणि झोप परत आली. ते पुस्तक मी 'केलं' नाही. मी त्यात राहत होतो.

पाऊलवाट
माझे वडील ५४ व्या वर्षी गेले. आरामखुर्चीत, हातात पुस्तक. बैठी नोकरी, घरी आले की वाचन, जेवले की वाचन. आई रोज म्हणायची, अहो, निदान शतपावली तरी घाला. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. तुम्हाला माझं वाक्य लागलं असेल, पण ते मी कुणाला हिणवायला लिहिलेलं नाही.

सकाळी सहाला निघतो, आठला डबा, साडेआठची गाडी. वाचायला वेळ उरतो तो चालतानाच. यात चुकलं काय?

रातराणी
देवडींच्या बाजूने एक पुरावा देते. २०१६ चा येल विद्यापीठाचा अभ्यास आहे. पन्नाशीपुढची ३,६३५ माणसं, बारा वर्षं पाठपुरावा. पुस्तकं वाचणारे न वाचणाऱ्यांपेक्षा सरासरी २३ महिने जास्त जगले.

कडू कारलं
ज्यांच्या घरी पुस्तकं असतात त्यांच्या घरी पैसा आणि डॉक्टरही असतात. त्यात नवल काय?

रातराणी
शिक्षण, संपत्ती, आधीचे आजार हे सगळं धरूनच त्यांनी हिशोब मांडलाय. आधी वाचा, मग बोला.

कडू कारलं
बरं, धरला असेल. तरी वाचनामुळेच आयुष्य वाढलं हे त्यातून सिद्ध होत नाही, एवढं तुम्हीही मान्य करा.

देवडी
रातराणी, आभार, पण मला हा पुरावा नको. तेवीस महिने वाढतात म्हणून मी वाचत नाही. उद्या घटतात असं निघालं तर काय पुस्तक मिटून ठेवू?

सोनचाफा
तुमचं ते चाललं असू द्या, मला राग वेगळ्याच गोष्टीचा आलाय. ऐकणं म्हणजे दुय्यम, हे कुणी ठरवलं? माझी आई ७९ वर्षांची आहे. डोळ्यांचे पडदे खराब झाल्यामुळे तिला मधलं काहीच दिसत नाही, पुस्तकाची ओळ धरली की तीच पुसली जाते. जन्मभर वाचणारी बाई वर्षभर भिंतीकडे तोंड करून बसली होती. आता दुपारी दोन तास ऐकते आणि रात्री मला गोष्ट सांगते. तिने वाचलं नाही म्हणणार?

नवविधा भक्तीत श्रवण पहिलं येतं. चातुर्मासात आमच्या गावात देवळात पांडवप्रताप लागायचा. एक जण वाचणार, पन्नास जणं ऐकणार. आजीला अक्षरओळख नव्हती, पण अध्यायच्या अध्याय तिला ठाऊक होते.

कडू कारलं
आईंबद्दल एक शब्द बोलणार नाही. पण देवळातली माणसं मांडी घालून, हात जोडून ऐकायची. रस्ता ओलांडताना दीडपट वेगाने नाही. माझ्या बायकोला गेल्या वर्षी मागून दुचाकीने उडवलं. दोन्ही कानांत बोंडं होती, हॉर्न ऐकूच आला नाही. मनगटात प्लेट आहे अजून. त्या दिवशी काय ऐकत होती ते तिला आठवतही नाही.

तालुका वाचक
चालणं आणि वाचन एकत्र करायची जागा होती, तिचं नाव वाचनालय. घरापासून दीड किलोमीटर, जाऊन-येऊन तीन. तेहेतीस वर्षं गेलो, पावलं कधी मोजली नाहीत. आता आमचं वाचनालय संध्याकाळी चार ते सात उघडं, ग्रंथपालाला मिळतं ते सांगायची लाज वाटते, नवी पुस्तकं अनुदान आलं तर. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रात १९६७ पासून आहे. आणि तुम्ही खुर्ची की बूट यावर भांडताय!

सोनचाफा
काका, तुमचं खरं आहे, पण आई दीड किलोमीटर चालू शकत नाही.

तालुका वाचक
म्हणूनच पूर्वी घरपोच पेटी यायची. ती बंद झाली तेव्हा कुणी भांडलं नाही.

देवडी
सोनचाफा, तुमच्या आईंनी वाचलंच. ऐकण्याला मी नावं ठेवली नव्हती, पण तसा अर्थ निघतो हे मान्य करतो. माझं भांडण मोजण्याशी आहे. ४१ पैकी एखादं तरी पुस्तक पुन्हा ऐकावंसं वाटलं का, पाऊलवाट?

पाऊलवाट
एक. दोनदा ऐकलं. बाकीच्यांतली निम्मी नावंसुद्धा आठवत नाहीत, खरं सांगतो. 'केली' हा शब्द मागे घेतो. उद्यापासून एक कान मोकळा ठेवीन, तेही कारल्यांच्या घरच्या मनगटामुळे.

'खेळतात' हा शब्द मात्र मागे घेणार नाही. गुडघा बरा झाला असेल तर आज रात्री जेवल्यावर उठा, देवडी.